चिमाबायच्या मुशी

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा नांदवेळच्या होड्यांना शिडाचं आणि वल्ह्यांचं बळ होतं, तिसरं कुठलंच नव्हतं. वादळ येणार हे सांगायला तेव्हा रेडिओ नव्हता आणि बंदरावर बावटाही लागत नव्हता. आभाळ बघायचं, वारा हुंगायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि होडी लोटायची. त्या काळात नांदवेळला एक बाई होऊन गेली. चिमाबाय तिचं नाव.

नांदवेळच्या किनाऱ्यासमोर काळ्या खडकांची एक लांब रांग आहे. तिला खडप म्हणतात. भरतीला खडप पाण्याखाली जातं, ओहोटीला पुन्हा वर येतं. त्याच्या मधोमध एक खिंड आहे, तिला गाव ‘दार’ म्हणतं. होड्या दारातून बाहेर पडतात आणि दारातूनच आत येतात. दाराच्या डाव्या-उजव्या अंगाला जरा जरी सरकलात तरी होडीच्या फळ्या होतात. आणि खडप नि किनारा यांच्या मधलं जे उथळ पाणी, त्यात मुशी राहत. मुशी म्हणजे तीच, जिला शहरातली माणसं शार्क म्हणतात. हातभर लांबीची पिल्लं असत, माणसाएवढ्या असत आणि कधीमधी एक खूप मोठी येई, तिच्या अंगावर वाघासारखे पट्टे होते. तिला सगळे वाघमुशी म्हणत आणि तिचं नाव घेताना आवाज खाली आणत.

चिमाबायचा नवरा बुधा तांडेल. तांडेल म्हणजे होडी हाकणारा. बुधा उंचापुरा, गाणारा, हसणारा माणूस. एका कार्तिकात तो पहाटे होडी लोटायला गेला. चिमाबाय डोक्यावर जाळं घेऊन मागे होती. बुधा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, “चिमे, बघ ग! आज एक पण मुशी नाय. पाय कसे मोकळे वाटतात!”

चिमाबायला पण बरं वाटलं. ती म्हणाली, “रोज अशाच जाऊं देत मेल्या.”

त्या दिवशी दुपारी वादळ आलं. बुधाची होडी परत आली नाही. वादळ सरल्यावर होडीची एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली आणि त्याच दिवशी खडपाच्या आत वाघमुशी फिरताना दिसली. मग काय, गावानं ठरवलं. बुधाला वाघमुशीनं खाल्लं.

चिमाबायनं नवऱ्याचा भाला घेतला आणि खडपाच्या टोकावर जाऊन बसली. वाघमुशी जवळ आली की तिच्या डोळ्यात भाला घालायचा, एवढंच तिच्या मनात होतं. लोक बोलवायला जात, पण भरती चढेपर्यंत ती उठत नसे. तिची नणंद सोनकी, बुधाची सख्खी बहीण, भाकरी घेऊन जाई आणि शेजारी बसून रडे. चिमाबाय रडत नसे. ती पाण्याकडे बघत असे.

एके दिवशी वाघमुशी आली. अगदी खडपाला अंग घासत आली. चिमाबाय उभी राहिली, भाला उचलला. खाली पाण्यात एक बैल तरंगत होता, वादळात खाडीतून वाहून आलेला, फुगलेला. वाघमुशी त्याच्याभोवती फिरली, एका अंगावर वळली आणि तिनं बैलाचा लचका तोडला. मग पुन्हा आली, पुन्हा तोडला. तिला चिमाबायची काही पडली नव्हती. चिमाबाय हात वर करून तशीच उभी राहिली. आणि तिला वाटलं, या बैलाला हिनं मारलं नाही. बैल बुडाला, मग ही आली. माझा माणूसही आधी बुडाला असणार. वादळानं नेला त्याला. ही मागून आली, पोट घेऊन.

असं म्हणतात, की तिनं भाला खाली ठेवला आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. इतकी रडली, की सोनकीला ते बंदरावर ऐकू आलं.

त्यानंतर चिमाबायनं पोटासाठी तेलाचं काम धरलं. दूर समुद्रात गळाला लागलेल्या मुशी होड्या घेऊन येत. त्यांची काळजं मोठ्या काळ्या कढईत उकळायची आणि तेल काढायचं. ते तेल होड्यांना बाहेरून चोपडतात, म्हणजे लाकडाला कीड लागत नाही आणि पाणी झिरपत नाही. काम घाणेरडं. वास असा, की चिमाबाय वरच्या वाटेनं निघाली तर खालच्या आळीला कळे. पण तिच्या तेलावर सगळ्या होड्या तरत.

काळजं काढून झाली की उरलेली आतडी-बितडी ती टोपलीत भरी आणि रोज सकाळी खडपाच्या आतल्या पाण्यात नेऊन टाकी. मुशी तिच्या पायांजवळ गोळा होत. बायका म्हणत, “चिमाबाय, हात जाईल एक दिवस.” ती म्हणे, “माझा हात हाडांचा. त्यांना चरबी आवडते.” हळूहळू तिला एकेक मुशी ओळखू येऊ लागली. एकीचा कल्ला फाटलेला, एकीची शेपटी तुटकी, एक आंधळी होती ती नेहमी डावीकडून येई. भरतीला त्या कुठे असतात, ओहोटीला कुठे दबतात, पिल्लं कधी घालतात, सगळं तिला ठाऊक झालं. कुणाला सांगायला ती गेली नाही. कुणी विचारलंही नाही.

अशी बरीच वर्षं गेली. तिचे केस पांढरे झाले. सोनकीचं लग्न आधीच पोशा नाखव्याशी झालं होतं, त्यांचा मुलगा दामा मोठा होऊन स्वतः तांडेल झाला. पोशा नाखवा म्हणजे गावातल्या सगळ्या होड्यांचा म्होरक्या. आवाज मोठा, राग नाकावर, पण मनानं सरळ.

मग तो कार्तिक आला.

त्या वर्षी दर्याला भरभरून मासळी होती. बेटाच्या पलीकडे सुरमईचे थवेच्या थवे उतरले होते. एका पहाटे नांदवेळच्या सगळ्या होड्या गेल्या. किनाऱ्यावर एक फुटकी होडी सोडून काही उरलं नाही. आभाळ घासून पुसून ठेवलेल्या परातीसारखं. समुद्र तेल ओतल्यासारखा. वारा पडलेला, अंगाला घाम.

चिमाबाय टोपली घेऊन पाण्यात उतरली. तिनं आतडी टाकली आणि वाट बघितली. तुकडे पाण्यावर तरंगत राहिले. एक पण मुशी आली नाही. तिनं तळव्यानं पाणी थापटलं, तशी ती रोज थापटे. कुणी नाही. आंधळी पण नाही.

साडी वर खोचून ती खडपावर चढली आणि खडकांवरून तडक दारापर्यंत गेली. तिथून तिनं जे पाहिलं, ते ती मरेपर्यंत सांगत राहिली. दारातून मुशी बाहेर चालल्या होत्या. मोठ्या पुढे, मधल्या मागे, आणि त्यांच्या बाजूबाजूनं पिल्लं. असं म्हणतात, की एखादं गाव सामानसुमान घेऊन निघावं तशा त्या निघाल्या होत्या, गडबड नाही, मागे वळून बघणं नाही. ओहोटीचं पाणी होतं तरी कुणी एक उथळात रेंगाळली नाही. सरळ खोल समुद्राकडे. शेवटी आंधळी गेली, डावीकडून.

चिमाबायच्या कानात बुधाचा आवाज घुमला. आज एक पण मुशी नाय. पाय कसे मोकळे वाटतात.

ती पळत सुटली. त्या वयात खडपावरून पळणं म्हणजे काय ते ज्यानं खडपावर पाय ठेवलाय त्यालाच कळेल. पाय कापले, रक्त आलं. बंदरावर सोनकी मासे वाळत घालायच्या दोऱ्या बांधत होती.

“सोने, होड्या परत बोलव!”

“काय झालं वयनी?”

“मुशी गेल्या. सगळ्या गेल्या. वादळ येतंय.”

सोनकीनं वर बघितलं. मग चिमाबायकडे बघितलं. “वयनी, आभाळात बोटाएवढा ढग नाय.”

“तुझा भाऊ गेला त्या दिवशी पण नव्हता.”

दोरी सोनकीच्या हातातून गळून पडली. तिचा नवरा बाहेर होता, तिचा दामा बाहेर होता, आणि बेट इतकं लांब, की हाक मारून काही उपयोग नव्हता.

“कसं बोलवायचं?” ती म्हणाली.

चिमाबायनं आपल्या झोपडीकडे बोट केलं. तिथे गावाचं सगळं तेल होतं. कार्तिक सरला की होड्या किनाऱ्यावर ओढून चोपडायच्या, त्यासाठी महिनोन्‌महिने काढलेलं. माठच्या माठ भरलेले. ते गेलं तर होड्या कोरड्या राहतील, लाकूड सडेल, आणि वादळ आलंच नाही तर चिमाबायला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

“गावामागच्या वेताळटेकडीवर जाळू,” ती म्हणाली.

सोनकीनं पदर कमरेला खोचला आणि आळीकडे तोंड करून अशी ओरडली, की घराघरातून बायका बाहेर आल्या. कुणी विचारलं, कुणी शंका काढली, एक म्हातारी तर म्हणाली की चिमीला तेलाच्या वाफेनं भूल पडलीय. सोनकी एवढंच म्हणाली, “माझी दोन माणसं बाहेर आहेत. तुमची किती आहेत?” मग सगळ्या चढल्या. डोक्यावर माठ, काखेत नारळाची ओली सोडणं, म्हणजे वरची सालं, धूर जास्त व्हावा म्हणून. टेकडीच्या माथ्यावर सोडणांचा ढीग रचला, त्यावर चिमाबायनं पहिला माठ स्वतःच्या हातानं ओतला आणि आग लावली.

धूर असा उठला, की असं म्हणतात, सूर्य झाकला गेला आणि कोंबड्या खुराड्यात शिरल्या. काळा, जाड, घाण वासाचा खांब आभाळात चढत गेला. वारा नव्हता, म्हणून तो सरळ वर गेला, आणि बेटापलीकडून दिसला.

पोशा नाखव्यानं जाळं ओढता ओढता मान वर केली. “अरे, गावाला आग लागली!” तो ओरडला. होडीहोडीतून हाका गेल्या. भरलेली जाळी काहींनी तोडून सोडली. शिडं लोंबत होती, म्हणून वल्ही मारायला बसले. घरात म्हातारी माणसं, पाळण्यात पोरं. असे हात चालले, की असं म्हणतात, त्या दिवशी वल्ह्यांच्या दांड्यांवर रक्ताचे पंजे उमटले.

पहिल्या होड्या दारातून आत आल्या. पोशा पाण्यातच उडी मारून धावत आला. घरं जागच्या जागी उभी. टेकडीवर धूर.

“आग कुठंय?” तो ओरडला.

“आग नाय, नाखवा,” चिमाबाय म्हणाली. तिचं तोंड काजळीनं काळं झालं होतं. “मुशी पाणी सोडून गेल्या. तुम्हांला बोलवायचं होतं.”

पोशाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचे डोळे लाल झाले. “मुशी गेल्या म्हणून? वर्षाची मासळी सोडून आलो आम्ही! गावाचं तेल जाळलंस तू! मुशींसाठी?”

“शिव्या मग दे. आधी होड्या वर ओढ.”

“नाय ओढत! फिरवा रे होड्या, चला परत!”

तेव्हा सोनकी नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. आयुष्यात ती त्याच्यासमोर मोठ्यानं बोलली नव्हती. ती म्हणाली, “जायचं तर माझ्या अंगावरून होडी ने.” आणि ती खरंच होडीच्या पुढे वाळूत आडवी झाली.

पोशा थबकला. आणि त्या शांततेत सगळ्यांना ते जाणवलं. पाठीमागून, दक्षिणेकडून, एक गार झुळूक आली. ती मानेला लागली आणि गेली. पोशानं वळून बघितलं. क्षितिजावर एक तांबूस-काळी भिंत उभी राहत होती.

मग कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायका, पुरुष, म्हातारे, सगळे होड्यांना लागले. एकेक होडी येत होती, एकेक वर ओढली जात होती, थेट माडांच्या मुळांपर्यंत. भिंत जवळ येत होती. एकच होडी राहिली. दामाची. तो सगळ्यांत लांब गेला होता.

वादळ दुपार ढळताना आलं. ते कसं आलं हे नांदवेळची माणसं आजही नीट सांगू शकत नाहीत. माड वाकून वाळूला टेकले, टेकडीवरची आग पावसानं एका फटक्यात विझली, खडपावर लाटा अशा फुटू लागल्या, की दार कुठे नि खडक कुठे ते कळेना. सगळं पांढरं. सोनकी आणि चिमाबाय एका माडाला दोरीनं स्वतःला बांधून उभ्या होत्या. सोनकी मुलाचं नाव घेऊन ओरडत होती, पण तिच्या तोंडाजवळ कान नेला तरी ऐकू येत नव्हतं. चिमाबायनं तिचा हात धरला होता, तो सोडला नाही.

बाहेर दामाच्या होडीचं शीड फाटलं होतं. तो सुकाणूला छाती लावून होता. समोर खडप आहे, खडपात दार आहे, आणि ते दिसत नाही, एवढंच त्याला कळत होतं. त्याच्या खलाशांनी डोळे मिटून घेतले होते. आणि तेव्हा दामाला त्या पांढऱ्या फेसात एक काळा पंख दिसला. पंखाखाली पट्ट्यापट्ट्यांची पाठ. धाकट्या मुशी सकाळीच पळाल्या होत्या, आणि ही आता आत येत होती. होडीहून लांब, असं म्हणतात.

दामा लहानपणापासून तिच्या नावानं घाबरत आला होता. त्याच्या मामाला हिनंच खाल्लं असं तो ऐकत आला होता. पण त्यानं बघितलं, की ती जिथून चाललीय तिथे पाणी फुटत नाही. तिथे ते काळं आहे, खोल आहे. एवढ्या मोठ्या अंगाला खोल पाणीच लागणार. त्यानं सुकाणू तिच्या मागे वळवलं. दोन्ही बाजूंना खडक दातांसारखे वर येत होते आणि मधून ती चालली होती, तिच्या मागून होडी. मग एकदम लाटा खाली बसल्या. ते आत आले होते.

होडी वाळूवर आपटली आणि फुटली. पण माणसं होती. सगळी होती. सोनकीनं दोरी कापली की तोडली कुणास ठाऊक, ती पाण्यात धावली आणि मुलाच्या गळ्यात पडली. दामा तिच्या खांद्यावरून चिमाबायकडे बघत राहिला. “मामी,” तो म्हणाला, “तिनं आणलं आम्हांला. मामाच आला होता का ग तिच्या रूपानं?”

चिमाबाय म्हणाली, “नाय रे बाबा. ती आपल्या पोटासाठी आली होती. वादळात मेलेलं तिला मिळतं. पण वाट तिला ठाऊक होती, आणि तू मागे गेलास. ते काय कमी आहे?” आणि तिनं पाण्याकडे हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. किनाऱ्यावरच्या इतर गावांतून रडण्याचे आवाज वाऱ्यावर येत होते. नांदवेळला एकही घर रडत नव्हतं. छपरं उडाली होती, माड पडले होते, पण माणूस एकही कमी नव्हता. त्या आठवड्यात नांदवेळच्या होड्या शेजारच्या गावांना तांदूळ नि सुकी मासळी घेऊन गेल्या.

सकाळी चिमाबाय झोपडीच्या जागेवर गेली. झोपडी नव्हती, कढई होती, काजळीनं माखलेली, उलटी पडलेली. आणि कढईशेजारी पोशा नाखवा उकिडवा बसला होता. त्याच्या हातात वाळू होती, नारळाची शेंडी होती, आणि तो कढई घासत होता. सगळ्या होड्यांचा म्होरक्या. त्यानं मान वर केली नाही.

“नाखवा, हे काय करतोस?” चिमाबाय म्हणाली. “ठेव ते. बायकांचं काम.”

पोशा घासत राहिला. मग दामा आला, त्यानं माठ उचलले. मग दुसरे आले, तिसरे आले. वल्ही मारून फुटलेल्या हातांनी सगळ्या गावच्या पुरुषांनी चिमाबायची भांडी वाळूनं लख्ख केली. चिमाबाय एका पडलेल्या माडावर बसली आणि बघत राहिली. तिला काय वाटलं असेल? सोनकी सांगायची, की ती एकदाच पुटपुटली, “बुधा, बघ रे,” आणि पदरानं नाक पुसलं.

मुशी चार-दोन दिवसांनी परत आल्या. पिल्लं आधी, आंधळी शेवटी. त्या दिवसापासून गावानं ठरवलं, की खडपाच्या आतल्या पाण्यात जाळं टाकायचं नाही आणि गळ सोडायचा नाही. आणि रोज पहाटे होडी लोटण्याआधी तांडेल चिमाबायच्या नव्या झोपडीवरून जाऊ लागले. बाहेरूनच हाक मारत, “चिमाबाय, हायत का?” ती पाण्यावर जाऊन आलेली असे. आतून म्हणे, “हायत रे, जा.” आणि ज्या दिवशी ती गप्प राही, त्या दिवशी होड्या वाळूवरच राहत. असं म्हणतात, की ती जिवंत असेपर्यंत नांदवेळचा एकही माणूस वादळात गेला नाही.

ती खूप म्हातारी होऊन गेली, शांत समुद्राच्या दिवसांत, ऊन कोवळं असताना. तिला किनाऱ्यावरच अग्नी दिला. असं म्हणतात, की चिता पेटली तेव्हा खडपाच्या आतल्या पाण्यात सगळीकडे काळे पंख वर आले, किनाऱ्याला तोंड करून, आणि धूर विरेपर्यंत हलले नाहीत. वाघमुशीही आली होती म्हणतात. ज्यांनी पाहिलं ते आता नाहीत, पण त्यांनी ज्यांना सांगितलं त्यांनी आम्हांला सांगितलं.

आता नांदवेळला यंत्राच्या होड्या आहेत, खिशात फोन आहेत, वादळाची बातमी आधी फोनवर येते. ती सगळे ऐकतात. तरी पहाटे तांडेल किनाऱ्यावर उभा राहून मोठ्यानं विचारतोच, “चिमाबाय, हायत का?” आणि पाण्याजवळ जी कुणी बाई असेल, ती पाण्यात बघून उत्तर देते.

आणि कार्तिकात एक दिवस असा येतो, की त्या दिवशी नांदवेळच्या बायका कामाला हात लावत नाहीत. त्या माडांखाली बसतात, पान खातात, गप्पा मारतात, नवऱ्यांना हसतात. गावचे पुरुष घराघरातली भांडी डोक्यावर घेऊन किनाऱ्यावर येतात आणि वाळूनं घासतात. नाखवाही घासतो, बोटीवरून सुट्टीवर आलेला इंजिनियरही घासतो. घासून झालं की सगळ्यांत मोठ्या पातेल्यात ताजी मासळी भरतात, चौघेजण ते उचलून खडपावर नेतात आणि आतल्या पाण्यात रिकामं करतात. पाण्यात पहिला काळा पंख दिसेपर्यंत सगळं गाव उभं राहतं. तो दिसला, की हात जोडतात आणि घरी जेवायला जातात.